याला ‘बरोबर’ नाही

...आणि वर मलाच शिकवतात! ‘बाबा, दाबू नका, नुसतं बोट टेकवा.’ नुसतं टेकवा? अरे, तेहेतीस वर्षं मी बटण दाबलंय! दाबलं की खट्ट वाजायचं, खट्ट म्हणजे यंत्र म्हणतंय, ‘हो साहेब, ऐकलं’... आणि आता ही काच! काचेवर बोट टेकवायचं आणि तिला कळलं की नाही ते देवावर सोडायचं! तुम्हाला सांगतो, वय झाल्यावर माणसानं चष्मा बदलावा, दात बदलावेत, जमलं तर डॉक्टर बदलावा, पण कॅल्क्युलेटर बदलू नये.

थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाही. मी मोजणीवाला. म्हणजे जमिनी मोजणारा, तीन पायांवर दुर्बीण लावून एका डोळ्यानं जगाकडे बघणारा. सगळी नोकरी उन्हात गेली. आणि या नोकरीत माझी एक डबी होती. डबी म्हणजे कॅल्क्युलेटर हो, पण साधा नव्हे, प्रोग्रॅम घालायचा! त्याला एकदा शिकवायचं, बाबा रे, हा कोपरा, तो कोपरा, यांच्यातलं अंतर काढ, दिशा काढ... की पुढे जन्मभर आपण नुसते आकडे घालायचे आणि त्यानं उत्तर द्यायचं. माझा प्रोग्रॅम सत्त्याण्णव पायऱ्यांचा होता. स्वतः लिहिलेला! कचेरीत म्हणायचे, साहेबांची डबी आणि साहेबांचा अंगठा, दोन्ही चुकत नाहीत. आणि डबीची गंमत काय? तिला ‘बरोबर’चं बटणच नव्हतं!

हसू नका, खरंच. त्या दोन आडव्या रेघा असतात ना, बरोबरचं चिन्ह, तेच नाही. बारा आणि आठ मिळवायचे तर आधी बारा, मग एंटर, मग आठ, आणि अगदी शेवटी अधिक. झाले वीस. फायदा एवढाच की कुणी मागून न्यायचं नाही. शेजारच्या टेबलावरचा कारकून एकदा घेऊन गेला, दोन मिनिटांत परत. तोंड असं, की जणू मी त्याला फसवलं. ‘साहेब, याला बरोबर नाही.’ मी म्हटलं, ‘नाहीच! याला बरोबर नाही!’ पुन्हा कधी त्यानं माझ्या टेबलाकडे बघितलं नाही.

तर ही डबी गेल्या वर्षी गेली. सकाळी बटण दाबलं, पडदा कोरा. सेल बदलले, घासलं, पुसलं, उन्हात ठेवली... काही नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्यानं उघडली, आत बघितलं, परत मिटली आणि म्हणाला, ‘काका, किती वर्षांची होती?’ होती! ‘आहे’ नाही, ‘होती’! रुमालात गुंडाळून घरी आणली.

आणि मग माझी मुलगी. एका रविवारी माझा फोन माझ्याच हातातून काढून घेतला, खुडबुड केली आणि पुढे धरला. बघतो तर काय... डबी! फोनमध्ये डबी! तोच तपकिरी रंग, तीच सोनेरी अक्षरं, अहो, कोपऱ्यातले चार स्क्रूसुद्धा चितारलेले! काचेवर स्क्रू! ते कशाला धरून ठेवतात कोण जाणे, पण डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. कुठल्या तरी लांबच्या देशात कुणी तरी माझ्यासारखाच येडा बसलाय, त्यानं हे ॲप बनवलंय. मी जुनी वही काढली आणि दोन दिवस बसून सत्त्याण्णव पायऱ्या पुन्हा घातल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या हिनं पडद्यांचं कापड किती लागेल ते काढायला फोन उचलला. आतून आवाज. ‘अहो, बरोबर कुठाय?’ म्हटलं, ‘काय बरोबर?’ ‘अहो, उत्तराचं बरोबर!’ म्हटलं, ‘अगं, याला बरोबर नाही!’ तर बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणते कशी, ‘तेहेतीस वर्षं मी तेच सांगतेय, तुमचं काही बरोबर नाही. आज यंत्रानंसुद्धा लिहून दिलं!’ कापड तिनं वितीनं मोजलं.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो. माझ्या अंगाशी आलं ते घराच्या वेळी. मुलीनं जागा घेतली, घर बांधायचं. जागा कशी, चारही बाजू चार लांबीच्या, एक कोपरा दुसऱ्याचं तोंड बघत नाही. अशा जागेत घर सरळ बसवायचं तर आखणी पक्की पाहिजे. जावईबापूंनी एक माणूस ठरवला होता, तो म्हणे आकाशातल्या उपग्रहाला विचारून खुंट्या ठोकतो. मी म्हटलं, ‘उपग्रहाला कशाला त्रास? मी मेलोय का?’ आणि मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तुझ्या घराचे चारही कोपरे माझ्या हातचे असतील.’ ती इतकी खूश झाली की विचारू नका. जावईबापू ‘बरं बाबा’ म्हणाले. पण त्यांचं ‘बरं’ कसं असतं? ‘बऽऽरं.’ त्यात सगळं येतं.

झालं! सकाळी सातला मी दुर्बीण लावून उभा. मुलगी, जावईबापू, सावलीत खुर्ची टाकून आमची ही, सगळे हजर. नऊला खोदायचं मशीन येणार, म्हणजे त्याच्या आत चार खुंट्या ठोकून व्हायला पाहिजेत, आणि त्या चुकल्या तर पाया वाकडा, पाया वाकडा तर घर वाकडं, आणि पोरगी जन्मभर त्यात राहणार! आणि सुरुवातच अशी. ऊन फोनवर, पडद्यावर मला माझंच तोंड दिसतंय, आकडे गायब! सावलीला धरावा तर फोन आडवा होतो, फोन आडवा झाला की डबीसुद्धा आडवी पडते आणि बटणं वेगळीच! सरळ करेपर्यंत पडदा झोपतो. उठवावा तर विचारतो, तुम्ही कोण? अरे, मी कोण? मी तुला विकत घेतलाय! आणि तिसऱ्या खुंटीचा हिशेब अगदी मध्यावर आलेला, तेवढ्यात फोन! डबी गेली, त्या जागी एक गोड बाई. ‘सर, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?’ म्हटलं, ‘बाई, माझी खुंटी अडकलीय!’ तर म्हणते, ‘समाधानी असाल तर पाच दाबा.’

बरं, आमचे गवंडी बाजूलाच उभे, तोंडात काडी, मजा बघतायत. म्हणाले, ‘साहेब, बघू जरा.’ मी दिला फोन, मनात म्हटलं, आता कळेल. ‘याला बरोबर नाही हां,’ आधीच सांगून ठेवलं. त्यांनी विचारलं, ‘मग कसं चालतं?’ मी सांगितलं, आधी आकडे, करायचं काय ते शेवटी. तर हा माणूस काय म्हणाला असेल? ‘मग सरळच आहे की! आपण बोलतो तसंच. बारात आठ मिळव. विसातून पाच काढ. आधी आकडे सांगायचे, मिळव-काढ मागनं. ते “बरोबर” बाजारात कोण बोलतं?’

तुम्हाला सांगतो, मी जागच्या जागी उभा राहिलो. तेहेतीस वर्षं मी कचेरीतल्या शिकलेल्या माणसांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं, एकाला समजलं नाही, मला वाटायचं भारी अवघड विद्या आहे आपल्याकडे... आणि डबी आपल्या भाषेत बोलत होती हो! तोंडात काडी ठेवून सांगितलं या माणसानं. मी म्हटलं, ‘गवंडी, तुम्ही चाळीस वर्षं आधी का नाही भेटलात?’ ते म्हणाले, ‘तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.’

असो. पावणेनऊला चौथी खुंटी ठोकली. गवंड्यांनी दोरी घेतली, कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण ताणला. मग दुसरा कर्ण ताणला; घर काटकोनात असेल तर दोन्ही सारखे भरायला पाहिजेत. आणि तोंडातली काडी काढली. गवंडी काडी काढतो म्हणजे समजायचं. म्हटलं, ‘काय झालं?’ तर चार बोटं दाखवली. चार बोटांचा फरक! पुन्हा हिशेब केला, चौथी खुंटी तिथंच. तिसऱ्यांदा केला, तिथंच! तीनदा चुकलो आणि तिन्ही वेळा एकसारखा चुकलो! तिकडे रस्त्याच्या वळणावर खोदायचं मशीन दिसायला लागलेलं, जावईबापूंनी खिशातून फोन काढलेला, उपग्रहवाल्याला लावायला... आणि मी? मी ॲपवर घसरलो. म्हटलं, हे ॲपच खोटं आहे! स्क्रू चितारता येतात, गणित येत नाही! याला बरोबर नाही, याला काहीच बरोबर नाही! तर आमची ही खुर्चीतून म्हणते, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’ अगं, पण इथे खरंच अंगण वाकडं होतंय!

तेवढ्यात मुलगी जवळ आली. ओरडली नाही, काही नाही. फोनवर आपल्या ओढणीची सावली धरली आणि म्हणाली, ‘बाबा, पुन्हा एकदा आकडे घाला. माझ्यासमोर.’ मी घातले. पडद्याकडे मी कधी बघत नाही, अंगठा बघतो. ती बघत होती. आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सहा दोनदा का दाबता?’

मी? सहा? दोनदा?

अहो... खरं होतं. डबीचा सहा झिजला होता. वीस-बावीस वर्षांपूर्वीच. एकदा दाबला की उठायचा नाही, दोनदा दाबला की एक सहा यायचा. मी कुणाला सांगितलं नाही, मला स्वतःलाच आठवत नव्हतं, अंगठ्यानं परस्पर शिकून घेतलं होतं. आणि हे नवं ॲप, गुणी बाळ! दोनदा दाबला की दोन सहा! अठरा पूर्णांक सहा मीटरचे अठरा पूर्णांक सहा सहा, म्हणजे सहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं! पहिल्या तीन कोपऱ्यांच्या आकड्यांत सहा नव्हता, म्हणून वाचलो. ॲप बरोबर होतं, प्रोग्रॅम बरोबर होता. चुकला तो साहेबांचा न चुकणारा अंगठा.

मला वाटलं आता सगळे हसणार. कुणी हसलं नाही, आणि त्याचंच जास्त लागलं. मुलगी म्हणाली, ‘आकडे तुम्ही सांगा, दाबते मी.’ मी सांगितले, तिनं दाबले, गवंड्यांनी खुंटी हलवली, कर्ण ताणले... दोन्ही सारखे, केसाचाही फरक नाही! नऊ वाजून दहा मिनिटांनी मशीननं पहिला घास घेतला. जावईबापू म्हणाले, ‘बरं झालं बाबा.’ हे ‘बरं’ साधं होतं.

मग घरी आल्यावर आमच्या हिनं माझी शाळा घेतली. रोज सकाळी चहा झाला की समोर बसायची. ‘सोळा पूर्णांक चार दाबा!’ मी दाबायचो. ‘एकदाच!’ ‘अगं, एकदाच दाबला.’ ‘एकदा दाबून तुमचा अंगठा पुन्हा उचलला गेला, मी बघितलं!’ जित्याची खोड म्हणतात ना... पण एक महिना, बरं का, एक महिना तिनं पिच्छा पुरवला आणि खोड गेली! आता अंगठा दुसऱ्यांदा उचलला की आपोआप थबकतो. मीच म्हटलं, या वयात नवीन शिकलो, शाबास!

आणि परवा मुलगी धावत आली. हातात माझा फोन, चेहरा असा फुललेला. म्हणाली, तिनं त्या ॲपवाल्याला पत्र लिहिलं होतं. एक नाही, तीन! बाबांची डबी, बाबांचा सहा, झिजलेलं बटण, चौथी खुंटी, सगळं कळवलं. आणि त्या भल्या माणसानं उत्तर दिलं, ‘तुमच्या वडिलांच्या अंगठ्याला माझा नमस्कार,’ आणि ॲपमध्ये नवी सोय केली. कुठलंही बटण झिजवून मिळेल! तिनं सहा झिजवून आणला होता. म्हणाली, ‘बाबा, आता तुम्ही बदलायचं नाही. तुमच्यासाठी यंत्र बदललंय. दोनदाच दाबायचा!’

आता सांगा, या पोरीला काय सांगू? की बाई गं, तुझ्या आईनं माझा अंगठा दुरुस्त केला आणि तू बटण बिघडवून आणलंस? तीन पत्रं लिहिलीत हो तिनं! ती सोय बंद करायला एक बोट लागेल, पण ते बोट उचलत नाही माझं. आणि अंगठा काही केल्या सहा दोनदा दाबत नाही.

मग काय, सहा पाहिजे असला की मी गुपचूप पाच दाबतो. एंटर. एक. अधिक. झाले सहा. काल हिनं मागून बघितलं. ‘अहो, हे काय चाललंय? माणसासारखा सरळ सहा दाबायला काय होतं?’

म्हटलं, हळू बोल... पोरगी ऐकेल.