नदीत नाई गेलं

देवळीच्या बसस्टँडवर माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी खाकी शर्टातल्या माणसाला ओळखलं.

“नत्थूभाऊ, तुमी शहरातल्या गटाराचं पाणी साफ करता नं? काल लाइन गेलती, तुमची मशीन बंद पडली म्हणे. सारी घाण नदीत गेली काय?”

“नाई, भागीरथाबाई. म्या नदीकडचं फाटक बंद केलं आन् पाणी रिकाम्या टाक्यात घेतलं. टाकं काठोकाठ भरलं, तवा कुठं लाइन आली.”

“एक थेंबबी नाई गेला?”

“नाई. साफ झाल्यावरच सोडलं.”

“माही नलू बाळंतीण हाय खालच्या गावात. तिथं नदीचंच पाणी पितेत. सकाळपासून जिवाले घोर होता, भाऊ.”

“आता बिनघोर जा.”

“मंग विहिरीच्या पाण्याची ही कळशी तिच्याकडे काऊन वाहू? घ्या, ओंजळ धरा.”