सरांनी वाचून न दाखवलेला कागद

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माननीय सत्यवती मॅडम, प्रमुख पाहुणे आणि आमच्या विणकर सोसायटीचे चेअरमन भावकू अण्णा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, आदरणीय केदारी सर, सर्व शिक्षकवृंद, पालक बंधू-भगिनींनो आणि मागं सतरंजीवर चुळबूळ करणाऱ्या मुलांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी कुमार. वडगावात माझे पॉवरलूम आहेत. पालक समितीचा अध्यक्ष म्हणून मला पाच मिनिटं दिलीत. भावकू अण्णांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी बघितलंय. अण्णा, आज जरा सांभाळून घ्या.

केदारी सरांनी आपल्या या मराठी शाळेत एकतीस वर्षं कन्नड शिकवलं. त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली, किती नोकरीला लागली, ते मॅडमनी सांगितलंच. मी दुसरंच सांगायला उभा आहे. सरांनी माझं एक काम करायला साफ नकार दिला होता. निरोपाच्या भाषणात कुणी असलं बोलतं का? पण माझ्या घरावर सरांचे उपकार आहेत ते त्या नकाराचे.

माझी बायको मंगल. हिला तीन वर्षांपूर्वी हर्निया झाला. बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. नाव घेत नाही, या व्यासपीठावर ते शोभणार नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात जाळी बसवू, साधं ऑपरेशन आहे. मी विणकर माणूस. मी विचारलं, "जाळी कसली सायेब, सुती का नायलॉन?" डॉक्टर हसले, मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजसुद्धा मला माझीच लाज वाटते.

पहिल्या खेपेला दहा दिवस ठेवून घेतलं. घरी आणलं आणि पंधरवड्यात आत पू झाला. दुसरं ऑपरेशन. ताप काही उतरेना, म्हणून जाळी काढायला तिसरं. त्यात आतड्याला इजा झाली. तीन महिन्यांत एकाच पोटावर तीन वेळा सुरी चालली, सभाजनहो. चार मागांतले दोन मी विकले.

तिसऱ्यांदा डिस्चार्ज देताना मॅनेजरनं कन्नडमध्ये एक कागद पुढं केला. विचारलं, "कन्नड बरतैत्री?" म्हणजे, येतं का? मी छाती काढून म्हणालो, "बरतैत्री!" आणि खोटं कुठं होतं? सुताच्या व्यापाऱ्याशी, लाइटबिलवाल्याशी मी जन्मभर कन्नडच बोलतोय. बोलायला येतं. वाचायला एक अक्षर येत नाही. इथं बसलेल्या अर्ध्या पालकांचं असंच आहे, माना खाली घालू नका! बसचा आकडा बघायचा आणि चढायचं. मॅनेजर म्हणाला, हे बिल माफ केल्याचं पत्र आहे. मी मान हलवली आणि झोकात सही केली.

पुढं मंगलला हुबळीला न्यावं लागलं. चौथं ऑपरेशन. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि ट्रे दाखवला. ट्रेमध्ये कापडाचा एक बोळा होता. ते काही सांगायच्या आत मी ओळखलं. ती जाळी नव्हती. सुती कापड होतं, विरळ विणीचं. जखम पुसायचं गॉज! माझ्या बायकोच्या पोटात कापड राहिलं होतं, आणि ते कापड आहे हे मला, विणकराला, कुणी सांगावं लागलं नाही. अजूनही जेवताना कधी ते डोळ्यांपुढं येतं आणि मी ताट बाजूला सरकवतो.

आतडं पोटाबाहेर काढून मंगलच्या पोटाला पिशवी लावली. आतडं जोडायला पाचवं ऑपरेशन करायचं होतं, आणि त्याला पैसे नव्हते. म्हणून मी पहिल्या दवाखान्यात भरपाईचा अर्ज घेऊन गेलो. मॅनेजरला म्हणालो, "सायेब, साडीत एक तार तुटली तर व्यापारी त्यावर बोट ठिवून माझी मजुरी कापतो. मी गप ऐकून घेतो. तुमच्या कामातल्या चुकीचं काय?" त्यानं फाइल उघडली, एक झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही सही तुमचीच ना?"

ती झेरॉक्स घेऊन मी थेट या शाळेत आलो. केदारी सर स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. म्हणालो, "सर, काय लिवलंय तेवढं वाचून सांगा." सरांनी मनातल्या मनात सगळं वाचलं. चष्मा काढला. मला विचारलं, "हे मंगलताईंनी वाचलं?"

मी म्हणालो, "तिला काय कळतंय सर ह्यातलं?"

सरांनी वह्यांच्या गठ्ठ्यातून माझ्या मुलीची, आरोहीची, कन्नडची वही काढली. सरांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. दर शनिवारी मुलानं घरी धडा वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यानं खाली सही करायची. प्रत्येक पानाखाली सही होती. कन्नडमध्ये, वळणदार. "पाच वर्षं ह्या सह्या बघतोय मी," सर म्हणाले. "एका कवितेचा अर्थ त्यांनी माझ्यापेक्षा चांगला लिहून पाठवला होता. तुमच्या घरात वाचणारं माणूस आहे, कुमार."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मंगलचं माहेर रामदुर्गचं. कन्नड शाळेत दहावी झालेली. लग्न ठरवताना हे माझ्यासमोरच बोललं गेलं होतं. पण सोळा वर्षांत ते माझ्या एकदाही ध्यानात आलं नाही! हा धक्का मला त्या ट्रेपेक्षा मोठा बसला. तिथं चूक दुसऱ्याची होती.

तरी मी हट्टानं म्हणालो, "सर, आता तुमीच वाचा की." सरांनी कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. म्हणाले, "नाही. ज्यांचं पोट, त्यांना वाचू दे." खरं सांगतो, मी नमस्कारही न करता तावातावानं निघून गेलो. सर, त्या दिवसाचा तो नमस्कार राहिलाय. आज घ्या.

घरी मंगल भिंतीला टेकून बसली होती. तिनं कागद घेतला आणि सरसर वाचत मला मराठीत सांगितला. ताकीद देऊनही पेशंटनं पहिल्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी माग चालवला, त्यामुळं टाके सुटले. पुढचा सगळा त्रास त्यातूनच झाला. आमची तक्रार नाही. दवाखान्यानं दया म्हणून बिल माफ केलं.

आणि खाली माझी सही.

मंगल म्हणाली, "आटव्या दिवशी मी त्यांच्याच खाटंवर हुतो की वो. नाकात नळी हुती. माग कुटला चालवू?" मग खालच्या सहीवर बोट ठेवलं. "सही करताना मी हात पुढं केलतो. बघू म्हटलं कागद. तुमी म्हटला, तू झोप गप."

मी तसं म्हटलं होतं. मला लख्ख आठवलं.

मी वकील शोधायला निघालो होतो. तिनं मला थांबवलं आणि आरोहीच्या वहीतले चार कागद फाडून कन्नडमध्ये तक्रार लिहिली. सगळ्या तारखा तिच्या तोंडपाठ होत्या. हुबळीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट जोडला आणि आम्ही ग्राहक आयोगात गेलो. दवाखान्याच्या वकिलानं अर्थातच तो कागद काढला. निकाल देणाऱ्या आयोगाच्या मॅडमनी विचारलं, "यावर पेशंटची सही कुठं आहे?" वकील म्हणाला, नवऱ्याची आहे. "पेशंट शुद्धीवर होत्या? त्यांना वाचता येतं?" मंगल उठली, कागद मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत वाचला. मॅडम म्हणाल्या, मग या कागदानं यांचा हक्क जात नाही.

गेल्या महिन्यात निकाल लागला. भरपाई आणि पाचव्या ऑपरेशनचा खर्च, दोन्ही मंजूर. पैसे जमा झालेत. सोमवारी हुबळीला तारीख आहे. फॉर्म कुठल्याही भाषेत असू दे, यावेळी ती वाचेल, ती विचारेल, आणि पटलं तर सही ती करेल. मी पिशवी धरून बाजूला उभा राहीन.

अण्णा, घड्याळ उचललंत, दिसलं मला. आवरतो.

शाळेनं ही संधी दिली, मॅडमनी एका विणकराला माइक दिला, मुलांनी निम्मं तरी ऐकलं, सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना पुढच्या आयुष्यात चांगलं आरोग्य लाभो आणि दवाखान्याची पायरी कधी चढावी न लागो.

आता शेवटी, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण आज मला सभेची माफी मागायची नाही. जिची मागायची ती तिसऱ्या रांगेत, आरोहीच्या शेजारी बसली आहे. मंगल, माझं चुकलं. घरात सांगायला तोंड उघडलं नाही, म्हणून चारशे माणसांत सांगतो.

सरांचं मानपत्र कन्नडमध्ये आहे. तिनंच लिहिलंय. वाचायचं काम कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावावर छापलंय, ती छपाईची चूक समजा. तिला पायऱ्या चढायला डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून मीच माइक घेऊन खाली येतो.

मंगल, हात पुढं कर. हा घे कागद.