आयव्हीची टोपली

जनावरांच्या डॉक्टरकडे शनिवारी आमचं अख्खं डरहॅम लोटतं. माझ्यासमोर एक म्हातारा मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसला होता, शेजारी मांजरवाली बाई. तिनं विचारलं,

“पेटीत काय आहे, आजोबा?”

“फेरेट आहे, पोरी, मुंगसासारखी शिकारी. टॉफी नाव हिचं. बिळात शिरून ससे बाहेर काढणारी हिच्यासारखी दुसरी नाही. आता उठतसुद्धा नाही.”

“बघू. अगं बाई, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात! माजावर कधीपासून आहे?”

“थंडी सरल्यापासून. पिल्लं नकोत म्हणून नराला जवळ फिरकू दिलं नाही.”

“अहो, नर मिळाल्याशिवाय हिचा माज उतरत नाही. अंगातलं रक्त आटत जातं. म्हणून तर नसबंदी केलेल्या नराकडे नेतात. माज उतरतो, पिल्लंही होत नाहीत.”

“तसला नर तर आमच्या गल्लीतल्या सिरिलकडे आहे.”

“मग नेलं का नाहीत?”

“रानातलं मी बघायचो, पिंजऱ्यातलं आयव्ही, माझी बायको. दर वसंतात टोपली घेऊन सिरिलकडे चहाला जायची. मी चिडवायचो, म्हातारपणी यार सापडला वाटतं. नुसती हसायची. टोपलीत काय आहे, मी कधी विचारलंच नाही.”

“आणि यंदा?”

“नाताळात गेली ती.”

“अरेरे.”

“एकटं राहून कुणी मरत नाही, असं दफनाच्या दिवशी सगळे मला सांगत होते. घरी येऊन मी टॉफीलाही तेच सांगितलं.”