दरवाढीचा कागद

नियमावर बोट ठेवून भांडाची माही खोड एकदाच जिरली. बाबा वर्ध्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहत, पैसे मी मनीऑर्डरनं धाडत होतो. एकदा पत्र आलं, दर वाढले, पैसे कमी पडले. मी तडक तिथं गेलो अन् मॅनेजरवर तडकलो, "महिनाभर आधी लेखी कळवाचा नियम हाय ना? मंग काऊन नाई कळवलं?"

तो शांतपणे म्हणाला, "कळवलं नं. राहतात तुमचे वडील, तर कागद बी त्यांच्याच हाती देतो आम्ही."

मी बाबाले विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

बाबानं बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तू येशीन तवा देऊ म्हणून दिवाळीपासून जवळच ठेवला."

होळीले चार दिवस उरले होते.