बाकावरचं धोरण

रोजगार धोरणावर मालक-कामगारांची मतं ऐकायला सरकारी सभा होती. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी शिवणकारखान्याचे मालक आणि त्यांच्याकडची जुनी कारागीर बसली होती.

“तुम्ही काय बोलणार, शेठ?”

“शिकलेली माणसं मिळत नाहीत, दुसरं काय! आणि तू?”

“हात चालतो, पण कागद नाही, अशांना कुणी कामावर घेत नाही.”

“बोल की. आमच्याकडे तसं नाही.”

“आज माझ्या मशीनवर कोण बसलंय?”

“तुझी सून. शर्ट आजच पोचवायचेत ना.”

“गेल्याच महिन्यात सर्टिफिकेट नाही म्हणून तिला दारातून परत पाठवलंत.”

“हे आत बोलू नकोस हं, बाई.”

“नाही बोलत. उद्यापासून तिला कायम करा.”

“केली, बाई, केली! मग आता आत जाऊन करायचं काय?”

“चहा आहे म्हणे.”