डावीकडून तिसरा

हॅलो?… हो, मुकुंदच बोलतोय. चन्नप्पा, आज रविवार, चौदा डिसेंबर, आत्ता सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि हा तुझा चौथा फोन आहे. यशपालची शोकसभा दहा वाजता आहे. हार सांगून झाले, खुर्च्या सांगून झाल्या, आता…

काय?… पुन्हा सांग. हॉर्नच ऐकू येतायत. जरा आडोशाला हो.

सात रस्ता चौकात आहेस. बरं. श्रद्धांजलीचा बोर्ड लागलाय. बरं. त्याच्यावर फोटो… कोणाचा?

तुझा?

हे बघ, ते शक्य नाही. तो फोटो मी स्वतः निवडला आहे. आपल्या पॉलिटेक्निकच्या संघाचा, शूटिंग व्हॉलीबॉलचा. आपण सात जण ओळीनं उभे, डावीकडून तिसरा यशपाल. तोच चेहरा मोठा करून घेतला… अरे, त्या वेळी सगळ्यांचेच केस कानांवर होते, सगळ्यांनाच कल्ले होते. चष्मा लावलायस का?

चहावाला काय म्हणाला?… "काका, मुलगा का तुमचा? एवढा तरणाताठा, कशानं गेला?"… मग तू काय सांगितलंस?… आणखी एक चहा सांगितलास. शाबास.

थांब. फोटो टेबलावरच आहे. भिंग कुठं ठेवलंस गं?… तुला नाही रे, सरोजिनीला विचारतोय. हं. डावीकडून पहिला… पहिला मी कसा? मी शेवटी होतो की. मी सातवा. आणि हे माझं घड्याळ उजव्या हातात? मी जन्मात उजव्या हातात घड्याळ बांधलेलं नाही.

चन्नप्पा.

उलटा छापलाय. आरशात दिसतो तसा… अरे, जुना फोटो वाळवीनं खाल्ला म्हणून निगेटिव्हवरून नवा काढून घेतला. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटं ठेवलं असणार. पण मी काय करत होतो? आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं माझं. ट्रेसिंगचा कागद उलटा तर पडला नाही ना, एवढं पाहिल्याशिवाय कशावर सही केली नाही. आणि इथं चेहरा पाहिलाच नाही रे. तिसरा मोजला आणि बोट ठेवलं.

हसू नकोस… बरं, हस, पण आवरतं घे. बोर्ड खाली यायला हवा. लावणाऱ्याला फोन कर… बंद लागतोय. रविवार, दुसरं काय. शिडी मिळेल?… तू चढायचं नाहीस. एकाच बोर्डावर दोघांना श्रद्धांजली वाहायची वेळ आणू नकोस. एखादी चादर टाकता येईल का?… हळू का बोलतोयस?

कोण आलंय?

धम्मप्रिया? यशपालची मुलगी? ती केमहून नऊच्या पुढं पोचणार होती… आधीची गाडी मिळाली. मग?… रिक्षा थांबवून उतरली. बोर्डासमोर हात जोडून उभी आहे… रडतेय.

"बाबा अगदी आमच्या दादासारखे दिसायचे" म्हणाली? तुझ्या फोटोकडे बघून? आणि तू शेजारीच. काय म्हणालास?… मफलर नाकावर ओढून घेतलास. अजून तसाच उभा आहेस.

हो, हो… अरे ऐक ना. कळतंय मला. त्यांच्या घरात यशपालचा लग्नाआधीचा एकही फोटो नाही. बापाचं तरुणपण ती आज पहिल्यांदा बघतेय. तू म्हणतोस, राहू दे. सभा होईल, संध्याकाळी बोर्ड उतरेल, कोणाला काही कळणार नाही… तिला बरं वाटतंय, हे मान्य. पण ती आता मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढील… काढला? बघ. केमला जाऊन त्याची फ्रेम करील. दर वर्षी तुला हार घालील. आणि यशपालला कुठं ठेवायचं मग आपण?

मी बसलेलो नाही. बसवत नाही. मघापासून या खोलीत येरझाऱ्या घालतोय, सरोजिनी म्हणतेय, पाय दुखतील… नाही, तू नको सांगूस. तू सांगायला लागलास की ते पार गाणगापूरपासून सुरू होईल, मुद्दा राहील बाजूला. फोन तिच्याकडे दे… दे म्हणतो ना. माझ्यासाठी दे.

जय भीम, बाळ. मुकुंदकाका बोलतोय. गाडीत जागा मिळाली ना?… बरं झालं. बाळ, एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे. बोर्डावर जो चेहरा आहे, तो तुझ्या बाबांचा नाही… नाही. तुझ्या शेजारी मफलर गुंडाळून उभे आहेत ना, त्यांचा.

हॅलो?… आहेस ना?… हो, त्यांचाच. कॉलेजातले. त्यांना मफलर काढायला सांग म्हणजे पटेल… तू हसतेस की रडतेस, मला इथून कळत नाही… दोन्ही. बरं.

बरोबर विचारलंस. एका वर्गात, एका संघात असून ओळखलं कसं नाही?… नंतरचा यशपाल मी अंधारातसुद्धा ओळखीन. पण त्या वयाचा आठवायला गेलो की मला त्याची पाठ दिसते. आमच्या खेळात जागा बदलत नाहीत, बाळ. जाळीवरचा शेवटपर्यंत जाळीवर, मागचा मागं. तो जाळीवर, मी त्याच्या मागं, तीन वर्षं. डावा खांदा जरासा उतरलेला, बनियन पाठीला चिकटलेला. चेंडू यायच्या आधी एक टाच उचलायचा. ती टाच बघून मी पुढं सरकायचो… हो, डावी. तू कशी ओळखलीस?… ओट्यापाशी उभे राहिले की? मग तीच ती.

खरा चेहरा माझ्या टेबलावर आहे. आत्ता बघतोय मी, नीट बघतोय. हनुवटी तुझी आहे… ये ना. आधी घरी ये, मग बरोबरच सभेला जाऊ. चन्नप्पा आणतील. ते तिथं जितका वेळ उभे राहतील तितकी गर्दी वाढेल.

विचार की… सांगोल्याची फायनल? ती बाबा सांगायचे तुम्हाला?… आणि एकोणीस-एकोणीसवर थांबायचे. दर वेळी. "पुढचं मुकुंदला विचारा" म्हणायचे…

मला कधी कोणी विचारलं नाही ते.

सांगतो. त्याचा हात जाळीला लागला होता, बाळ. पंचांनी पाहिलं नाही, समोरच्या संघानं पाहिलं नाही. मी तर मागं, मला काय दिसणार? मला फक्त त्याचा हात वर गेलेला दिसला. स्वतःहून वर केला त्यानं, चूक कबूल करायला. आम्ही सगळे तुटून पडलो त्याच्यावर, चन्नप्पानं तर येताना एस.टी.त शेजारी बसू दिलं नाही, विचार त्यांना… नाही, यशपाल ते कधीच सांगणार नव्हता. असलं काही स्वतःच्या तोंडानं सांगणं त्याला जमलंच नसतं.

हो. पुढचा गुणही गेला. हरलो आम्ही… एकवीस-एकोणीस.