विन्याच्या पिकअपवरचा डबा

विन्याच्या पिकअपवर तो झोपायचा डबा नुसता पडून का आहे, माहीत आहे का तुम्हाला? वडिलांना ओंकारेश्वरला न्यायचं म्हणून त्यानं तो हौसेनं बनवून घेतला. आत पलंग, पंखा सगळं. हौद्यात खाली रबर अंथरलं, चारी कोपऱ्यांना साखळ्या आणि त्या ताणायला पेच.

अप्पा रोज सकाळी डब्याला धक्का देऊन बघायचे. "हलतोय, विनू. वळणावर पलटी मारेल. आज राहू दे."

विन्या चिडून पेच आणखी कसायचा. "अप्पा, अब तो पक्का है."

"हलतोय रे."

अख्खा पावसाळा असाच गेला, आणि मग अप्पाच गेले.

त्यांना स्मशानात याच गाडीतून न्यायचं ठरलं. त्यासाठी आधी डबा उतरवायला हवा होता, तर पेच गंजून जाम झालेले. आम्ही चौघांनी खांदे लावून ढकललं, पण डबा तसूभर सरकला नाही.

"छोड़ो भिया, दुसरी गाडी बोलवा," विन्या म्हणाला. मग डब्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अप्पा, आता नाही हलत. निघायचं?"